प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स : फेरमांडणीच्या नोंदी

१० जून

पहिल्या सेमिस्टरचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स नव्याने मांडायला घेतला. भाषा पायथन, वर्गात १२० जण, शिकवायला आम्ही दोघं आणि वरच्या वर्गांतले चार साहाय्यक.

आधी तासांचा हिशोब मांडला. सेमिस्टरमध्ये १० असाइनमेंट. एक तपासायला ५ मिनिटं धरली तरी १२० जणांच्या मिळून १०० तास होतात. एवढं करून शेरे विद्यार्थ्याच्या हातात पडतात तेव्हा वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो, आणि गुण पाहून झाले की जुना प्रोग्रॅम सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. शिकण्याला ज्याचा सगळ्यात कमी उपयोग, त्याच कामात आमचे सगळ्यात जास्त तास जातात.

आता दुसरी बाजू. प्रत्येकाशी समोरासमोर १० मिनिटं बोलायचं ठरवलं तर एका फेरीला २० तास लागतात. सहा जणांत वाटले तर माणशी साडेतीन तासही होत नाहीत. सेमिस्टरमध्ये अशा दोन फेऱ्या केल्या तरी १०० तासांतले ६० उरतात. इतकी वर्षं आपण हे करत नाही, कारण वेळ नाही. वेळ होता, तो तपासण्यात जात होता.

म्हणून प्रकल्पाचं उद्दिष्ट एका वाक्यात लिहून ठेवतो: यंत्राला जमेल ते यंत्राकडे द्यायचं आणि सुटलेला वेळ विद्यार्थ्याच्या डोक्यात प्रोग्रॅमचं कोणतं चित्र आहे ते ऐकण्यात घालवायचा. कोर्समधला प्रत्येक बदल या वाक्याशी ताडून पाहायचा.

१४ जून

वाचन. या विषयावर आधी झालेलं काम पुष्कळ आहे आणि ते डोळे उघडणारं आहे.

२००१ साली मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना पहिला कोर्स संपताना प्रोग्रॅम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. तेव्हा अनेकांनी काढलेला निष्कर्ष असा, की मुलांना मोठी समस्या सोडवता येत नाही, तिचे तुकडे पाडता येत नाहीत. २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या एक पायरी खाली जाऊन पाहिलं. लिहायला काहीच दिलं नाही. तयार कोडचे छोटे तुकडे दिले आणि विचारलं, हा चालवला तर शेवटी व्हेरिएबलमध्ये (किंमत लक्षात ठेवायला दिलेल्या नावात) काय असेल? तिथेही बरेच जण अडखळले. जे वाचता येत नाही ते लिहायला सांगितलं जात होतं.

नापासांचे आकडेही नोंदवून ठेवतो. जेन्स बेनेडसेन आणि मायकेल कॅस्पर्सन यांनी २००७ मध्ये जगभरच्या शिक्षकांकडून माहिती मागवली, तेव्हा पहिल्या कोर्समध्ये पास होणारे सरासरी ६७ टक्के निघाले. २०१४ मध्ये ख्रिस्तोफर वॉटसन आणि फ्रेडरिक ली यांनी वेगळ्या मार्गाने मोजलं, तरी आकडा जवळपास तोच आला. २०१९ च्या पाहणीत ७२. इतर विषयांच्या मानाने हे फार भयंकर नाही, पण तीन-चारातला एक जण पहिल्याच कोर्सला गळतो ही गोष्ट शिकवणाऱ्याने सहज घेऊ नये.

निर्णय: पहिले तीन आठवडे रिकाम्या स्क्रीनवर प्रोग्रॅम लिहायला लावायचा नाही. वाचायचं, भाकीत करायचं, चालवून पाहायचं, थोडं बदलायचं. लिहिणं त्यानंतर.

१९ जून

आजचा दिवस महत्त्वाचा गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

बेनेडिक्ट द्यु बुलाय यांनी १९८६ मध्ये एक कल्पना नीट मांडली. प्रोग्रॅम शिकणाऱ्याला खरं तर एक काल्पनिक यंत्र शिकायचं असतं. प्रोसेसर किंवा मेमरी चिप नव्हे. ही भाषा ज्या यंत्रावर चालते असं समजून विचार करायचा ते यंत्र. आपण वर्गात वाक्यरचना (कोड लिहायचे नियम) शिकवतो आणि हे यंत्र विद्यार्थ्याने आपलं आपण ओळखावं असं गृहीत धरतो. मग प्रत्येक जण आपापलं यंत्र रचतो. काहींचं बरोबर निघतं, बऱ्याच जणांचं अर्धवट. रॉय पी यांनी त्याच वर्षी या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी असलेला एक मोठा गैरसमज दाखवला. संगणकाला माझ्या मनातलं कळतं, तो समजून घेईल, अशी न बोललेली श्रद्धा. व्हेरिएबलला ‘सर्वांत मोठा’ असं नाव दिलं की त्यात आपोआप सर्वांत मोठी संख्या येईल असं मानणारा विद्यार्थी हा त्याचा शुद्ध नमुना.

सहकारी शिक्षिका आणि मी जुन्या उत्तरपत्रिका घेऊन बसलो. गुणांकडे न पाहता एकच प्रश्न विचारत गेलो: हे उत्तर बरोबर ठरेल असं कोणतं यंत्र याच्या डोक्यात असेल? वाटलं होतं चुकांचा डोंगर निघेल. निघाली एक छोटी यादी, तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा.

पहिला, बरोबरचं चिन्ह. ‘ए = ५’, मग ‘बी = ए’, मग ‘ए = ७’. आता बी किती? गणितातलं समीकरण डोक्यात असणारा सांगतो ७, कारण बी आणि ए ‘सारखे’ आहेत. उजवीकडची किंमत काढायची, मग ती डावीकडच्या नावाला द्यायची, आणि ते नातं तिथेच संपतं, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

दुसरा, व्हाइल लूपची (अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाची) अट. लूपच्या पोटात मध्येच अट खोटी झाली की लूप त्याच क्षणी थांबतो, असं अनेकांना वाटतं. जणू अटीवर कोणी सतत पहारा देत आहे. अट फक्त फेरीच्या सुरुवातीला तपासली जाते.

तिसरा, रिटर्न (फंक्शनने, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याने, उत्तर परत देणं) आणि प्रिंट (ते नुसतं स्क्रीनवर दाखवणं) यांची गल्लत. हा फार चिवट आहे, कारण पायथनच्या संवादी खिडकीत एकटं फंक्शन चालवून पाहिलं तर दोन्हींत फरक दिसत नाही, आकडा स्क्रीनवर येतोच. त्या फंक्शनचं उत्तर दुसऱ्या हिशोबात वापरायला गेलं की ‘नन’ (काहीच नाही) हाती येतं आणि मुलं पायथनला दोष देतात.

चौथा, एकाच लिस्टला दोन नावं. पहिल्या गैरसमजावर आपण ठासून सांगितलेलं असतं की ए बदलला तरी बी बदलत नाही. आता लिस्ट (घटकांची यादी) आली: ‘बी = ए’ करून बी मध्ये एक घटक जोडला आणि ए मध्येही तो दिसला. विद्यार्थ्याला वाटतं नियम बदलला. नियम तोच आहे. बरोबरच्या चिन्हाने नाव एका वस्तूकडे वळतं. आधी नाव दुसऱ्या वस्तूकडे वळवलं होतं, इथे वस्तूच बदलली. हे चित्र पहिल्याच आठवड्यात काढलं असतं तर दुसरा धक्का बसलाच नसता. म्हणून व्हेरिएबल म्हणजे डबा हे चित्र कोर्समधून काढून टाकतो आहोत. पहिल्या दिवसापासून नाव, बाण आणि वस्तू.

पाचवा, फंक्शनच्या पॅरामीटरचं (बाहेरून दिलेली किंमत आत ज्या नावाने येते त्याचं) नाव आणि बाहेरच्या व्हेरिएबलचं नाव एकच असेल तर ते एकच आहेत असं मानणं.

अजूनही आहेत, पण हे पाच ज्याचे सुटले त्याला पुढचा कोर्स जड जात नाही, असं आमच्या दोघांचंही मत पडलं. कोर्सचे आठवडे आता वाक्यरचनेच्या क्रमाने नव्हे, या यादीच्या क्रमाने लावायचे. फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटर हे साधन कोडच्या प्रत्येक ओळीगणिक नावं, बाण आणि वस्तू यांचं चित्र काढून दाखवतं. फळ्यावर आम्ही तशीच चित्रं काढणार, म्हणजे मुलांना दोन चित्रभाषा शिकाव्या लागणार नाहीत.

२५ जून

छाटणी. सॉर्टिंगच्या (क्रम लावायच्या) तीन रीतींपैकी एकच ठेवली, इन्सर्शन सॉर्ट. क्लास आणि इनहेरिटन्स (वस्तूंचे आपले प्रकार बनवणं) पुढच्या कोर्सकडे. फाइल हाताळणी एका लॅबपुरती. छापील अभ्यासक्रम भरगच्च दिसावा म्हणून घातलेले विषय आधी गेले. सहकारी शिक्षिकेचा डिक्शनरी (नावावरून किंमत शोधायची रचना) लवकर आणण्याचा आग्रह होता, तो मान्य. खरा डेटा हाताळता आला की मुलांचा जीव रमतो.

२ जुलै

पार्सन्स कोडी तयार करतो आहोत. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो पॉलिटेक्निकमधून हा प्रकार मांडला. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या, विद्यार्थ्याने त्या क्रमाने लावायच्या. टायपिंग नाही, स्वल्पविराम विसरल्याची कटकट नाही. लक्ष राहतं ते तर्काच्या क्रमावर. तपासणी यंत्र करतं, आणि तीही क्षणात.

कोडं चांगलं की वाईट हे ठरतं भुलवणाऱ्या जादा ओळींवर. त्या १९ जूनच्या यादीतूनच घ्यायच्या. बेरजेच्या लूपमध्ये ‘बेरीज = ०’ ही ओळ लूपच्या बाहेर हवी की आत, हे ठरवायला लावणारं कोडं एका ओळीत पूर्ण गैरसमज उघडा करतं. उगाच चुकीचं स्पेलिंग असलेल्या ओळी टाकल्या तर नुसती नजर तपासली जाते, समज नाही. साहाय्यकांनी आणलेली अशी कोडी बाजूला ठेवली.

८ जुलै

ऑटोग्रेडरची, म्हणजे ठरलेल्या टेस्ट चालवून प्रोग्रॅम आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची मांडणी.

कल्पना आपल्याला वाटते तितकी नवी नाही. रेन्सलेअर पॉलिटेक्निकमध्ये जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल १९६० साली लिहिलं आहे. तेव्हा प्रोग्रॅम पंच कार्डांवर असत. तेव्हाही कारण हेच होतं, वर्ग मोठा आणि तपासणारे थोडे.

तांत्रिक भाग पटकन लिहून टाकतो. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतंत्र कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून तोडलेल्या जागेत) चालतो, नेटवर्क बंद, मेमरीला मर्यादा, वेळेला २ सेकंदांची मर्यादा. अनंत लूप लिहिणारा पहिल्या आठवड्यातच भेटतो, त्याच्यामुळे बाकीच्यांची रांग अडता कामा नये.

खरं काम आहे संदेशांचं. ‘टेस्ट ७ नापास’ हे वाक्य विद्यार्थ्याला काहीच शिकवत नाही. तो कोडमध्ये एखादा आकडा एकने कमी-जास्त करतो आणि पुन्हा पाठवतो. म्हणून प्रत्येक टेस्टबरोबर एक प्रश्न लिहायचा: ‘लिस्ट रिकामी असेल तर तुझं फंक्शन काय परत करतं?’ ‘सर्वांत मोठी संख्या अगदी पहिली असेल तर?’ उत्तर सांगायचं नाही, पाहायचं कुठे तेवढं दाखवायचं.

टेस्ट निवडणं हेही शिकवणंच आहे. बायनरी सर्चचं (क्रमाने लावलेल्या लिस्टमध्ये दर वेळी निम्मा भाग वगळत शोधण्याचं) उदाहरण घ्या. जावा या दुसऱ्या भाषेच्या मूळ लायब्ररीत त्याची एक चूक सुमारे नऊ वर्षं राहिली होती. मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकत होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. पायथनमध्ये पूर्णांकाला तशी मर्यादा नाही, त्यामुळे आमच्या मुलांकडून ही चूक होणार नाही. त्यांची चूक वेगळी असते: खालचं टोक ‘मधला अधिक एक’ करायच्या जागी नुसतं ‘मधला’ करणं. हजार घटकांच्या लिस्टवरही कधी कधी ती लपून जाते. दोनच घटकांची लिस्ट द्या आणि दुसरा शोधायला सांगा, लूप जागच्या जागी फिरत राहतो. ही एक टेस्ट पन्नास यादृच्छिक टेस्टपेक्षा मोलाची.

पुन्हा पाठवण्याबाबत नियम: पहिल्या तीन वेळा लगेच निकाल, त्यापुढे दर वेळी १५ मिनिटांची विश्रांती. अंदाजपंचे बदल करत राहणं महाग पडलं पाहिजे. शिवाय चौथ्या असाइनमेंटपासून विद्यार्थ्याने आपल्या टेस्टही पाठवायच्या आणि त्यांना गुण असतील. व्हर्जिनिया टेकच्या स्टीफन एडवर्ड्स यांनी वेब-कॅट या प्रणालीतून हा मार्ग आधीच रुळवला आहे.

१५ जुलै

कोर्स सुरू. पहिल्या तासाला अभ्यासक्रम वाचून दाखवला नाही, तीन ओळींचा प्रोग्रॅम दाखवला आणि शेवटी बी किती ते हात वर करून विचारलं. यादीतला पहिला गैरसमज वर्गाने स्वतःच समोर ठेवला.

२२ जुलै

व्याख्यानाचं रूप बदललं त्याला एक आठवडा झाला.

पद्धत एरिक मॅझूर यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना १९९१ पासून घडवली. पर्यायांचा एक प्रश्न दाखवायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं. मग शेजाऱ्याशी चर्चा. मग पुन्हा मत. शिक्षकाने शेवटी बोलायचं. पहिल्या मतदानात साधारण ३५ ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेला अर्थ असतो. त्याखाली आली तर विषय पुन्हा समजावायला हवा, आणि त्याहून वर आली तर दोन वाक्यं बोलून पुढे जावं.

संगणकशास्त्रात या पद्धतीचा पाठपुरावा सान दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. लिओ पोर्टर, सिंथिया ली आणि बेथ सायमन यांनी २०१३ मध्ये चार कोर्सची जुनी आणि नवी वर्षं ताडून पाहिली. नापास होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण २० टक्क्यांवरून ७ वर आलं होतं. शिकवणारी माणसं जादा लागली नाहीत, मला हे फार मोठं वाटतं.

आमच्याकडे काल लिस्टचा प्रश्न होता. ए मध्ये १, २, ३. मग ‘बी = ए’. बी च्या शेवटी ४ जोडला. आता ए मध्ये किती घटक? पहिली मतं तीन आणि चार यांत जवळपास निम्मीनिम्मी. चर्चा सुरू झाली आणि वर्ग गजबजला. मी फिरत होतो. तिसऱ्या रांगेत एक मुलगी वहीत बाण काढून शेजारणीला सांगत होती, ‘अगं, बी ला वेगळी लिस्ट दिलीच कुठेय? चौकोन एकच आहे बघ.’ दुसऱ्या मतदानात बहुतेक सगळे चारवर. चौकोन एकच आहे हे वाक्य माझ्या तोंडून वर्गाने आधी ऐकलेलं होतं. शेजारणीकडून आलं तेव्हा पोचलं, कारण ते तिच्या शंकेला उत्तर म्हणून आलं.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगितली. २०१९ मध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये दाखवलं की अशा वर्गात विद्यार्थी शिकतात जास्त, पण त्यांना वाटतं की आपण कमी शिकलो. ऐकताना सगळं सोपं वाटतं, स्वतः डोकं चालवताना अडायला होतं. ती अडचण हीच कामाची जागा आहे, हे आधी सांगितलं तर ‘सर, तुम्ही शिकवतच नाही’ ही तक्रार येत नाही. या वेळी आली नाही.

५ ऑगस्ट

लॅबबद्दल. जोड्या केल्या आहेत. एकाच्या हातात कीबोर्ड, दुसरा वाचतो आणि विचारतो, १५ मिनिटांनी अदलाबदल. पेअर प्रोग्रॅमिंग वर्गात आणण्याचं पुष्कळ काम नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या लॉरी विल्यम्स यांनी केलं आहे. आमच्या दृष्टीने त्याचा सरळ फायदा असा, की वाक्यरचनेच्या निम्म्या शंका जोडीतच मिटतात आणि साहाय्यकापर्यंत येते ती खरी शंका.

साहाय्यकांच्या प्रशिक्षणासाठी दोन तास ठेवले होते, त्यातला बराच वेळ एकाच नियमावर गेला: विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. साहाय्यक हुशार असतात, चूक त्यांना लांबूनच दिसते, आणि तीन सेकंदांत दुरुस्त करून देण्याचा मोह आवरत नाही. प्रोग्रॅम चालतो, विद्यार्थी खूश होतो आणि शिकत काहीच नाही. त्याऐवजी तीन प्रश्न पाठ करून घेतले. हा प्रोग्रॅम काय करेल असं तुला वाटलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? या दोन्हींत फरक पडला ती पहिली ओळ कुठली? तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचेतो बहुतेक जणांना उत्तर स्वतःच दिसतं. एरर संदेश खालून वर वाचायची सवयही इथेच लावायची. पायथन शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते सांगतो आणि मुलं पहिलीच ओळ वाचून घाबरतात.

दारापाशी फळ्यावर मदतीची रांग. नावापुढे शंका एका वाक्यात लिहायची. लिहिता लिहिता काही नावं खोडली जातात.

१९ ऑगस्ट

संवादांची पहिली फेरी आज पूर्ण झाली. सगळा खटाटोप ज्यासाठी चालला आहे ते हेच काम, म्हणून त्यातून काय हाती आलं ते नीट नोंदवतो.

रीत अशी: विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेला, सगळ्या टेस्ट पास झालेला प्रोग्रॅम समोर ठेवायचा. आधी ‘वाचून सांग’. मग एक बदल सुचवायचा आणि न चालवता भाकीत विचारायचं: ही ओळ लूपच्या बाहेर नेली तर? इथे रिकामी लिस्ट आली तर? हे नाव बदललं तर कुठे कुठे बदलावं लागेल? गुण फक्त हजेरीचे. गुण लावले की मुलं पाठ करून येतात आणि मनातलं चित्र लपवतात.

बहुतेक जण चांगलं बोलले. काहींचं वाचन चोख, पण ओळीपुरतंच. प्रत्येक ओळ काय करते ते सांगतात, सगळं मिळून काय होतं ते सांगता येत नाही. त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यांत ‘या फंक्शनला नाव द्या’ असे सराव वाढवायचे. एका मुलाने मोजणीच्या ‘आय’ (i) या व्हेरिएबलला लूपमध्ये आणखी १ वाढवत नेलं होतं, फॉर लूप ते आपोआप करतो हे माहीत असूनही. विचारलं तर म्हणाला, ‘मॅडमनी व्हाइलमध्ये वाढवायला सांगितलं होतं, म्हणून इथेही असू दे म्हटलं.’ त्याने चूक काहीच केली नव्हती, फॉर पुढच्या फेरीला ‘आय’ला नवी किंमत देतोच, त्यामुळे उत्तर बरोबर. कुठल्याही ऑटोग्रेडरला हे दिसणार नाही. त्या १० मिनिटांत दिसलं आणि पुढच्या १० सेकंदांत सुटलं.

आणि काही जण असे, ज्यांचा प्रोग्रॅम नेटका, नावं सुरेख, टेस्ट सगळ्या हिरव्या, पण पहिल्या ओळीबद्दल विचारलं की गप्प. तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोडेक्स या मॉडेलला पहिल्या कोर्सचे परीक्षेतले प्रश्न दिले, तर ७१ विद्यार्थ्यांच्या क्रमवारीत ते १७ वं आलं. त्याच वर्षअखेरीस चॅटजीपीटी सगळ्यांच्या हाती आलं, आणि साधनं तेव्हापासून पुढेच गेली आहेत. घरी करायच्या असाइनमेंटवरून विद्यार्थ्याची समज ठरवण्याचे दिवस संपले, हे मान्य करून पुढे जायला हवं. बंदी घालून ती पाळली जाते की नाही हे पाहण्यात तास घालवणं मला पटत नाही. आमचा नियम साधा ठेवला आहे: कशाचीही मदत घे, कुठे घेतली ते लिही, आणि जे पाठवलंस ते समोर बसून बदलून दाखवता आलं पाहिजे. गप्प बसलेल्या मुलांना दोष दिला नाही. त्यांना तिसऱ्या आठवड्याची पार्सन्स कोडी पुन्हा दिली आणि पुढची भेट लवकरची ठरवली.

२ सप्टेंबर

नक्कल शोधण्यासाठी मॉस चालवावं का, यावर चर्चा. अ‍ॅलेक्स आयकेन यांनी १९९४ मध्ये केलेलं हे साधन नावं बदलली, ओळींमधल्या मोकळ्या जागा बदलल्या तरी प्रोग्रॅमचे ठसे जुळवून साम्य दाखवतं. पण तीन ओळींच्या फंक्शनमध्ये सगळ्यांचंच साम्य निघतं. शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टपुरतंच वापरायचं ठरलं.

९ सप्टेंबर

आज पावसाचा प्रश्न दिला. १९८० च्या दशकात येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी प्रसिद्ध केलेला जुना प्रश्न आहे: संख्या घेत जा, ९९९९९ आली की थांब, आणि त्या आधीच्या संख्यांची सरासरी सांग. पुढच्या काळात या संख्या पावसाच्या नोंदी झाल्या आणि त्यात ऋण संख्या वगळण्याची अट आली. वरकरणी सोपा. पण यात चार-पाच लहान योजना एकमेकींत विणाव्या लागतात: थांबण्याची खूण ओळखणं, बेरीज, मोजणी, नको त्या संख्या गाळणं, आणि एकही संख्या आली नाही तर शून्याने भागाकार टाळणं. प्रत्येक योजना सुटी येते, विणकाम येत नाही.

या वेळी तयारी म्हणून सोडवलेल्या उदाहरणांच्या तुकड्यांना उद्देशाची नावं देत आलो होतो: ‘सुरुवातीच्या किमती ठेवा’, ‘थांबायचं का ते पाहा’, ‘ही संख्या धरायची का ते पाहा’. लॉरेन मार्गुलियू, मार्क गझडियल आणि रिचर्ड कॅट्रॅम्बोन यांचं २०१२ चं काम याच कल्पनेवर आहे. आज मुलांच्या कच्च्या वहीत तीच नावं दिसली, कोडच्या आधी लिहिलेली. रिकाम्या यादीची अट मात्र अजून पुष्कळांकडून सुटते.

२३ सप्टेंबर

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं. सोडवून दाखवलेली उदाहरणं आधी, मग एक ओळ गाळलेली, मग दोन, मग पूर्ण कोरी पाटी. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं होतं की नवशिक्यांना नुसते प्रश्न सोडवत बसवण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला देणं कमी वेळात जास्त देतं. प्रोग्रॅमिंगमध्ये हे आम्ही फार कमी वापरतो, कारण प्रोग्रॅमिंग ‘करून येतं’ असं सगळे मानतात. येतं, पण आधी डोक्यावरचा भार उतरवला तर.

वर्गात शाळेपासून कोड लिहिणारी मुलंही आहेत. त्यांना याच पायऱ्या जाचक होतात, आणि ती तक्रार खरी आहे. स्लावा कल्युगा आणि स्वेलर यांच्या गटाने २००३ मध्ये याच उलट परिणामाबद्दल लिहिलं: नवख्याला जो आधार, तोच जाणत्याला अडथळा. त्यांना कोऱ्या पाटीपासून सुरुवात करायची मुभा दिली.

७ ऑक्टोबर

परीक्षेची रचना. निम्मे गुण वाचण्याला आणि भाकीताला, बाकीचे लिहिण्याला. लिहिण्याचा भाग लॅबमध्ये, बंद नेटवर्कवर, कंपाइलर-इंटरप्रिटर हाताशी ठेवून. कागदावर पायथन लिहायला लावणं म्हणजे कंस नीट आठवतात का याची परीक्षा.

प्रश्नांच्या आवृत्त्या यंत्राकडून बनवून घेतो आहोत. तोच प्रश्न, आकडे आणि अटी बदललेल्या. इलिनॉय विद्यापीठातून आलेलं प्रेअरीलर्न हे मुक्त साधन यासाठी योग्य वाटलं. आवृत्त्या असल्या की पुन्हा परीक्षा घेणं स्वस्त पडतं, आणि पुन्हा परीक्षा स्वस्त पडली की बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये सांगितलेलं मोठ्या वर्गातही शक्य होतं: वेळ कमी-जास्त लागू दे, पण पाया पक्का झाल्याशिवाय पुढे ढकलू नका. पहिल्या प्रयत्नात अडलेल्याला दोन आठवड्यांनी दुसरी संधी, आणि दोन्हींपैकी जास्त असतील ते गुण धरायचे.

२८ ऑक्टोबर

दुसरी फेरी झाली. या वेळी ‘वाचून सांग’ला फार वेळ लागला नाही, बरेच जण बदल सुचवायच्या आधीच म्हणत होते, ‘सर, इथे लिस्ट रिकामी आली तर फुटेल.’ ऑगस्टमध्ये गप्प बसलेल्यांपैकी बहुतेक आता आपला प्रोग्रॅम बदलून दाखवतात. दोघं अजून अडकलेले आहेत, दोघांचाही अडथळा फंक्शनच्या पॅरामीटरपाशी. त्यांच्यासाठी सहकारी शिक्षिका या आठवड्यात वेगळ्या बसणार आहेत.

तासांचा ताळेबंद: ऑटोग्रेडरचे संदेश आणि वर्गातले प्रश्न लिहायला जून-जुलैत खूप वेळ गेला, तो वाचवलेल्या वेळातून अजून वजा करायचा आहे. पण ते एकदाच लिहायचं काम आहे. हाताने तपासणं शेवटच्या प्रोजेक्टपुरतं उरलं.

डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडायच्या रचना) शिकवणाऱ्यांनी प्रश्नसंच आणि गैरसमजांची यादी मागितली आहे. त्यांची यादी वेगळी लागेल. पहिली नोंद त्यांनी आजच सांगितली: लिंक्ड लिस्टमध्ये (प्रत्येक घटकापासून पुढच्याकडे बाण असलेल्या यादीत) नवा नोड, म्हणजे घटक, घालताना आधी कुठला बाण वळवायचा. जुना बाण आधी वळवला तर पुढची सगळी लिस्ट हातातून निसटते. यावर चित्रांचे चार प्रश्न करायचे, भुलवणाऱ्या पर्यायांसाठी जुन्या उत्तरपत्रिका त्यांच्याकडून मागवल्या आहेत.

११ नोव्हेंबर

उत्तरपत्रिका आल्या. सोमवारी तिघं बसून चाळणार.